रुमालात बांधलेले कागद
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीस व्याख्यानाचे आमंत्रण घेऊन घरी आले, तेव्हा मी त्यांना म्हटले की, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शाळामास्तराने संशोधनाविषयी काय बोलावे? त्यावर ते म्हणाले, "गुरुजी, सेवानिवृत्तीनंतर आपण पुण्यास दप्तरात जाऊन बसता. तेथे काय पाहिलेत तेवढेच सांगा." तेव्हा मी सांगणार आहे ते विद्वानाचे विवेचन नव्हे, ही एका वाचकाची हकीकत आहे.

पुण्याच्या पुराभिलेखागारास लोक अद्यापि पेशवे दप्तर म्हणतात. मोडी कागद फडक्यात बांधून ठेवलेले असतात, त्या गाठोड्यास रुमाल म्हणतात. असे रुमाल तेथे पस्तीस हजारांच्या घरात आहेत. हा संग्रह कोणी इतिहासाच्या प्रेमाने केला अशी समजूत असेल तर ती सोडावी. १८१८ साली राज्य गेल्यावर पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती आले. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले व कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे हे तपासण्यासाठी गावोगावचे कागद गोळा करण्यात आले. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांची इनामे काढून घेता यावीत म्हणून जमविलेले कागद आज आपल्याच इतिहासाचे भांडार झाले आहेत!

मी प्रथम गेलो तो लढायांची वर्णने वाचायला मिळतील या आशेने. हाती आला तो जमाखर्च. रोजकीर्दी, ताळेबंद, हत्तीखान्याच्या चाऱ्याचा खर्च, श्रावणमासातील रमण्याची दक्षिणा! पहिले चार दिवस निराशा झाली. पाचव्या दिवसापासून त्या आकड्यांतून माणसे दिसू लागली. बखर लिहिणारा बहुधा घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहितो आणि धन्याला काय रुचेल याकडे त्याचे लक्ष असते. कारकून मात्र त्याच दिवशी लिहितो. खोटे तोही लिहीत असेल, पण ते पैशापुरते.

दप्तरातील कागद एका जातीचे नव्हेत. पत्रे आहेत, याद्या आहेत, वतनपत्रे, निवाडपत्रे, तकरिरा, जामीनकतबे आहेत. महजर हा तर फार मनोरंजक प्रकार. तंट्याच्या निर्णयास गोतसभा बसे आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपापल्या धंद्याची निशाणी करीत. पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, वाण्याचा तराजू. शाळेत मी वर्षानुवर्षे अंगठेबहाद्दर या शब्दाचा उपयोग मुलांना लाजविण्यासाठी केला. तो नांगर पाहिल्यापासून मी तो शब्द टाकला आहे.

एका प्रकारचा कागद दुसऱ्याची साक्ष कशी देतो किंवा मोडतो, याचे उदाहरण आपणा सर्वांस परिचित अशा विषयातून देतो. श्रीशिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, असे बखरींच्या आधारे पुष्कळ काळ मानले जाई. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे सालवार टाचणे, त्यांत शोभेचा एक शब्द नसतो. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी निघाली. एका घरच्या टाचणावर विश्वास कसा ठेवावा? पण कवींद्र परमानंदाच्या संस्कृत शिवभारताची पोथी तंजावरास होती. १९२७ साली ते काव्य छापले गेले आणि त्यातही हीच तिथी निघाली. जोधपूरकडील एका जन्मपत्रिकांच्या संग्रहातील कुंडलीनेही तेच सांगितले. मावळातील देशमुखाचे टाचण, तंजावरचे काव्य आणि मारवाडातील ज्योतिषाची कुंडली एकमेकांस ओळखत नव्हती, आणि तिघांचे बोलणे एक निघाले. २००१ साली शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली, ती या बळावर.

पहिला दुवा निघाला तो सरकारी दप्तरात नव्हे, एका कुटुंबाच्या घरी, हे आपण ध्यानात घ्यावे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यातील पानिपतासंबंधीची पत्रेही वाईस एका वाड्यातच सापडली होती. असे घरोघरचे कागद सांभाळण्यासाठी पुण्यास १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, व राजवाड्यांच्या निधनानंतर धुळ्यास त्यांच्या नावे मंडळ स्थापन झाले. दुसरीकडे, बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत काढले. निवृत्तीनंतर काय करावे, असे विचारणाऱ्यांनी हे स्मरावे.

आणखी एक साधन मी स्वतः तीस वर्षे लिहिले आणि ते साधन आहे हे मला ठाऊक नव्हते. शाळेचे जनरल रजिस्टर. २०२३ साली शासनाने जुन्या कुणबी नोंदी शोधण्यास समिती नेमली, तेव्हा गावोगावच्या शाळांतील जुनी रजिस्टरे व गावचे जन्म-मृत्यूचे नमुने धुंडाळले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांस एकाएकी किंमत आली. माझ्या एका शाळेतील सर्वांत जुने रजिस्टर वाळवीने खाल्लेले होते. कपाटाचा खालचा कप्पा ओलसर होता. तो मला दिसत होता, मी मुख्याध्यापक होतो, आणि पुस्तके वर हलविण्याचे काम मी पुढच्या सुट्टीवर ढकलीत राहिलो.

आता घरची गोष्ट सांगतो.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतात असे छापले आहे की, शके १६९३ च्या सुमारास शेताच्या सीमेचा तंटा झाला व आमच्या मूळ पुरुषाने तो जिंकला. त्याचे निवाडपत्र घरी होते. अनेक बंद एकाखाली एक चिकटवलेला तो लांब कागद. १९४९ साली माझे आजोबा व धाकटे आजोबा विभक्त झाले. भांडी वाटली, पाट वाटले, देव थोरल्याकडे राहिले. कागदावर दोघांचाही हक्क. तेव्हा तो सांध्यावर कात्रीने कापून निम्मा-निम्मा घेतला. वाटणी अगदी न्यायाची झाली! वरचा अर्धा माझ्याकडे आहे. त्यात अग्रवादी, पश्चिमवादी, दोघांच्या तकरिरा सर्व आहे, आणि मजकूर "मनास आणिता" या शब्दांवर तुटतो. निकाल खालच्या अर्ध्यात. तो गिरगावच्या चाळीत गेला, चाळ पाडली गेली, आणि पुढे त्याचा पत्ता नाही.

मोडी शिकलो तो यासाठी. दप्तरात निवाड्याची नक्कल मिळाली नाही. पण त्या काळी जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावी व हरणाऱ्याने गुन्हेगारी, असा प्रघात होता. दोन्ही रकमा जमेस पडत. म्हणून मी आमच्या परगण्याचे जमाखर्च चाळले. तिसऱ्या वर्षी आमच्या गावाचे व मूळ पुरुषाचे नाव सापडले. रक्कम रुपये पंचवीस, आणि वर शब्द आहे तो गुन्हेगारी.

हा दंड त्याच तंट्याचा, असे मी म्हणू शकत नाही. नोंदीत कारण दिलेले नाही. पण कुलवृत्तांताच्या पुढील आवृत्तीत "जिंकला" हा शब्द राहू नये, असे पत्र मी वडील मंडळींस लिहिले आहे. काहींचा राग झाला आहे. तंट्यातील दुसरे घराणेही आपल्याच ज्ञातीचे असून त्यातील मंडळी आज या सभागृहात आहेत, म्हणून हे येथे बोललो.

तेव्हा विनंती अशी. मुंबईकर मंडळींपैकी कोणाच्या ट्रंकेत अथवा माळ्यावर वीतभर रुंदीचा, जाड पिवळट, एका टोकास सरळ कापलेला मोडी कागद असेल, तर तो टाकू नये. कापलेल्या टोकाच्या पाठीवर अर्धा गोल शिक्का असेल. दुसरा अर्धा माझ्याकडे आहे. तो घेऊन मी कोठेही येईन.