भाकरी आणि कोरड्यास



‘देशोदेशींचे घरचे जेवण’ हा विषय चालकांनी मला दिला, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत बरीच थट्टा झाली. या विषयाला त्यांना कोणी प्रवासी गृहस्थ किंवा पाकशास्त्रातली जाणकार बाई मिळाली नाही काय, असे एकाने विचारले. शंका रास्त आहे. मी परदेश पाहिलेला नाही; जे काही सांगणार ते नगर वाचनालयाच्या कृपेने. परंतु तीस वर्षे मी पगाराच्या वाटाघाटी करीत आलो आहे, आणि पगाराची वाटाघाट ही शेवटी घरच्या ताटाचीच वाटाघाट असते. त्या बाजूने मला जे दिसते ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे देशावर भाकरीबरोबर जे खायचे त्याला कोरड्यास म्हणतात. कोकणात कालवण म्हणतील, पुस्तकात तोंडीलावणे लिहितील. मजूर मजुराला दुपारच्या सुटीत विचारतो, “आज कोरड्यास काय?” भाकरी काय, हे कोणी विचारत नाही. ती असणारच. ती नसेल तर बोलणेच खुंटले.

मला वाटे की हा शब्द आपल्याच मातीतला. पुढे वाचनात आले की इटालियन भाषेत पावाबरोबर जे खायचे त्याला ‘कॉम्पानातिको’ म्हणतात; ‘पाने’ म्हणजे पाव, त्याच्या सोबतीचे ते. जपानात ‘गोहान’ म्हणजे शिजवलेला भात आणि गोहान म्हणजेच जेवण; भाताबरोबर जे लागते ते ‘ओकाझु’. चिनी लोक ‘फान’ आणि ‘त्साइ’ अशी ताटाची तीच वाटणी करतात. प्राचीन ग्रीकांत धान्य म्हणजे ‘सितोस’ आणि त्याबरोबरचे ‘ओप्सॉन’. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथात या ओप्सॉनवरून एक मौजेचा वाद आहे. सॉक्रेटिस आदर्श नगरीतल्या लोकांना जवाच्या आणि गव्हाच्या भाकऱ्या देऊन मोकळा होतो, तेव्हा ग्लॉकन त्याला मध्येच अडवतो की, अहो, तुम्ही यांना ओप्सॉनवाचूनच मेजवानी देता आहात! मग सॉक्रेटिस मीठ, ऑलिव्ह, चीज, कांदे आणि भाजीपाला वाढवतो. दोन हजारांवर वर्षांपूर्वी तत्त्वज्ञांच्या बैठकीत कोरड्यासाची मागणी नोंदवली गेली, हे वाचून मला फार बरे वाटले. ग्लॉकन खानदानी घरातला होता. मजुराने हीच मागणी केली असती तर ग्रंथात आली असती की नाही, सांगवत नाही.

आता देशोदेशींचा फरक. धान्य कोणते हे बहुतेक जमीन आणि पाऊस ठरवतात. आपल्या अवर्षणी पठारावर ज्वारी-बाजरी, किनाऱ्याला भात, अँडीज पर्वतात बटाटा, मेक्सिकोत मका. याचे कौतुक पुष्कळ झालेले आहे आणि त्यात मी भर घालीत नाही. अर्थात पिके प्रवासही करतात. आपला एकादशीचा फराळ पाहा: ज्या कंदाचा साबुदाणा करतात तो, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. तरी आजीबाई म्हणणार, पूर्वापार चालत आले आहे. परंतु धान्याशेजारी काय पडणार, हे जमीन ठरवत नाही. ते मजुरी ठरवते. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते देशोदेशींच्या ताटांवरून दाखवायचे आहे.

प्रथम आयर्लंड. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या गरीब शेतमजुराचे अन्न म्हणजे बटाटा. अंगमेहनतीचा गडी दिवसाला पाच किलोच्या वर बटाटे खाई. जोडीला ताक मिळाले की तो धडधाकट राही. मिळाले नाही तर? त्यासाठी आयरिश लोकांत एक कडू विनोद होता: बटाटा आणि रोख. आढ्याला एक खारवलेला मासा टांगायचा आणि प्रत्येकाने बटाटा त्याच्या रोखाने दाखवून तोंडात टाकायचा! कोरड्यास बघण्यापुरते. गहू-ओट तिथे पिकत होते, पण खंड भरण्यासाठी विकले जात. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली, आणि त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य इंग्लंडला जात होते.

दुसरे उदाहरण मक्याचे. त्याला मी अधिक वेळ देणार आहे, कारण ते आम्हा गिरणीवाल्यांच्या घरचे आहे. मेक्सिकोतल्या बायका फार जुन्या काळापासून मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग वाटून त्याच्या तोर्तिया थापतात. (चुना तंबाखूखेरीज दुसऱ्या कामी येतो, हे ऐकून आमच्या काही सभासदांना नवल वाटले.) मक्यातले नायसिन नावाचे जीवनसत्त्व अशा रीतीने बांधलेले असते की शरीराला ते घेता येत नाही, चुन्याने ते मोकळे होते. त्या बायकांना नायसिन ठाऊक नव्हते, पण रीत ठाऊक होती, आणि जोडीला घेवड्याचे दाणे होते. युरोपियनांनी मका उचलून नेला. बायकांची रीत मात्र तिथेच राहिली. उत्तर इटलीतल्या शेतमजुरांना मक्याचा घाटा, म्हणजे पोलेन्ता, तेवढाच परवडू लागला. मग त्यांच्या अंगावर चट्टे उठू लागले, हगवण लागे, शेवटी बुद्धिभ्रंश होई. ‘पेलाग्रा’ हे नाव त्या इटालियन मजुरांच्या खरबरीत कातडीवरून पडले.

हाच रोग विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेत पसरला. रोग संसर्गाचा आहे, मजूर घाणेरडे राहतात म्हणून होतो, असे पुष्कळ सुशिक्षितांचे मत होते. सरकारी आरोग्य खात्याचे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी ते मानले नाही. संसर्ग नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी रोग्याचे रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतले. १९१६ साली साउथ कॅरोलायना राज्यातल्या सात गिरणी-वस्त्यांत त्यांनी आणि एडगर सायडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाने घरोघर जाऊन कुटुंब काय कमावते आणि काय खाते याची नोंद घेतली. कापड विणणाऱ्यांच्या ताटात मक्याचे पीठ, डुकराची खारवलेली चरबी आणि काकवी. भोवती दारापर्यंत कापूस, त्यामुळे गाय नाही, भाजी नाही. मिळकत जसजशी कमी, तसतसा पेलाग्रा जास्त, असा हिशेब निघाला. औषध निघाले ते दूध, मांस, अंडी. आमच्या भाषेत पगारवाढ!

हे दूरचे वाटत असेल तर जवळचे सांगतो. १९६०च्या सुमारास हैदराबादच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी प्रसिद्ध केले की मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळतो. ज्वारी म्हणजे आपलीच भाकरी. दोष तिला देऊ नका. दूध, डाळ, भाजी यांच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर माणसे पोसली आहेत. सोबत सुटली की ती एकटी पुरी पडत नाही.

जपानची गोष्ट तर सोळा आणे आमच्या मुद्द्याची. तिथल्या आरमारात खलाशांना बेरीबेरी होऊन पाय सुजत, हृदय बंद पडे. पांढरा सडलेला तांदूळ सरकारकडून मिळे, आणि कोरड्यासासाठी रोख पैसे. गरीब घरची पोरे ती! पैसे वाचवून घरी धाडीत आणि नुसता भात खात. १८८२-८३ साली ‘र्‍युजो’ या जहाजावर ३७६ पैकी १६९ जणांना हा रोग झाला आणि २५ दगावले. आरमाराचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ साली ‘त्सुकुबा’ हे जहाज त्याच मार्गाने पाठवले, पण शिधा बदलून, मांस, दूध, पाव वगैरे देऊन. एकही मेला नाही. ताकाकींचे निदान नेमके नव्हते. खरी उणीव ब१ जीवनसत्त्वाची, हे मागाहून कळले. पण रोकड देऊन भागत नाही, ताटात पदार्थ पडला पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

सरकारने मनात आणले तर काय होते हे इंग्लंडने दाखवले. ८ जानेवारी १९४० ला तिथे रेशनिंग सुरू झाले आणि ४ जुलै १९५४ पर्यंत चालले. युद्धकाळात पाव आणि बटाटा मोकळा होता. वाटणी केली ती लोणी, मांस, चीज, साखर यांची, म्हणजे कोरड्यासाची. लॉर्डाला आणि हमालाला सारखी. शेतमजूर आणि खाणकामगार डबा घेऊन कामावर जातात म्हणून त्यांना चीज अधिक. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना स्वस्तात, नाही तर फुकट दूध. बाँब पडत असताना बालमृत्यूचे प्रमाण युद्धाअखेर पूर्वीपेक्षा खाली आले. त्याच सरकारच्या अमलाखाली १९४३ साली बंगालमध्ये माणसे पेजेसाठी दारोदार फिरत मेली. चौकशी आयोगाने आकडा सुमारे १५ लाख दिला; पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला.

त्या आयोगाचे एक सभासद होते डॉ. वॉलेस ॲक्रॉइड, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक. आम्हा युनियनवाल्यांना हे नाव तोंडपाठ असते. जुलै १९५७ मध्ये दिल्लीला पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांनी मिळून ठरवले की किमान वेतन गरजेवर आधारलेले असावे, आणि अन्नाचे माप ॲक्रॉइड यांचे: माणशी २७०० कॅलरी. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, जळण-दिवाबत्ती हे वेगळे. ठराव उत्तम होता. तेव्हापासून तो आम्ही मालकांपुढे ठेवतो आणि मालक त्यातल्या आकड्याशी खेळतात. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ३४० कॅलरी असतात. आठशे ग्रॅम ज्वारीत २७०० भरल्या. एका वाटाघाटीत समोरच्या सल्लागाराने हा हिशेब कागदावर मांडून मला दाखवला. कॅलरी पुऱ्या होतात, मग दुधाची मागणी कशाला? मी त्यांना गोल्डबर्गरच्या गिरणी-वस्त्या सांगितल्या. त्यांनी चहा मागवला. चहात दूध होते.

२०१९ साली केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने माप २४०० कॅलरीवर आणले, पण जोडीला रोज ५० ग्रॅम प्रथिने आणि ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ धरावेत असे म्हटले. कॅलरी कमी केल्याबद्दल आमच्या लोकांनी आरडाओरडा केला, तो योग्यच होता. तथापि, मला त्यातला दुसरा भाग आवडला. सरकारी कागदात कोरड्यास ग्रॅमवर मोजले गेले, ही लहान गोष्ट नव्हे.

शेवटी, याच ठरावातला एक अपूर्णांक आपल्या, विशेषतः भगिनींच्या, नजरेस आणतो. चौघांचे कुटुंब ठरावात तीन माणसांइतके खाणारे धरले आहे. कमावता पुरुष १, दोन मुले ०.६ प्रमाणे, आणि बायको ०.८. हा ०.८ कुठून आला ते शास्त्रज्ञ सांगतील. मी घराघरांतून जेवलो आहे. गड्याला वाढून झाले, पोरांना वाढून झाले, की बाई पातेले पुसून घेते. भाकरी तिला मिळते. कोरड्यास संपलेले असते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत शंभरात ५७ जणींना रक्तक्षय निघाला, त्याच वयाच्या पुरुषांत शंभरात २५ जणांना. आमच्या शिलाई विभागातल्या बायकांपुढे हे आकडे ठेवले तेव्हा एकीने विचारले, “मशिनीवर मी आठ तास बसते, घरी येऊन चुलीपुढे बसते, आणि भूक मात्र मला पाऊण?” यंदाच्या मागणीपत्रकात ०.८ खोडून तिथे १ घातला आहे. मालकांच्या वकिलांनी त्यावर म्हणणे मांडायला मुदत मागितली आहे. पुढची तारीख जूनमध्ये आहे.