खजिन्याचा राखणदार
(स्नेहलतागंज, इंदूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



व्याख्यानमालेत शिवचरित्रावर बोललं जातं, ज्ञानेश्वरीवर बोललं जातं. कॉमिकवर बोलायला सहसा कुणी बोलावत नाही. तुम्ही बोलावलंत, आणि त्यातही जिवावर उदार होऊन केलेल्या खजिन्याच्या शोधाची अद्भुत ऐतिहासिक चित्रकथा हा विषय दिलात, याचा मला मनापासून आनंद आहे. अशा कथेला लागणारा सगळा ऐवज आपल्या ग्वाल्हेर-माळवा-निमाडच्या मुलखात आहे आणि त्यावर एक मोठी मराठी चित्रकथा व्हावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

पाश्चात्त्य खजिनाकथा बहुधा शोधणाऱ्याची असते. स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' १८८३ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात नकाशा पोराच्या हाती लागतो आणि पुढे समुद्र, चाचे, बेट. टिनटिन आणि कॅप्टन हॅडॉक समुद्राचा तळ धुंडाळून येतात आणि खजिना सापडतो तो त्यांच्याच वाड्याच्या तळघरात. कथा उत्तमच आहेत. पण आपल्याकडे धनाची गोष्ट निघाली की आजी आधी काय सांगायची? हंड्यावर नाग बसलाय. आपली गोष्ट राखणदारापासून सुरू होते. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि तिच्यातला ली फॉकचा वेताळ भारतभर घराघरांत पोचला. त्याचंही कारण मला हेच वाटतं. कवटीच्या गुहेत त्याच्याकडे सिकंदराचा हिऱ्याचा प्याला आहे, पण तो त्याचा मालक नाही. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली राखण तो करतो. ही कल्पना आपल्याला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

आता ग्वाल्हेरला चला. शिंद्यांच्या खजिन्याला गंगाजळी म्हणत. १ जून १८५८ रोजी राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्या फौजेनं ग्वाल्हेर घेतलं. महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याकडे गेले. फौज थकलेली, पगार तुंबलेला. अशा वेळी दरबारचे खजिनदार अमरचंद बांठिया यांनी खजिना या फौजेसाठी उघडून दिला. तीन आठवड्यांच्या आत ग्वाल्हेर इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि बांठियांना सराफ्यात झाडाला फाशी दिली. मी या माणसाचा विचार करतो तेव्हा थांबून जातो. ज्यानं आयुष्यभर किल्ल्या सांभाळल्या, ज्याचा सगळा लौकिक दार बंद ठेवण्यावर उभा, त्यानं एका दिवशी दार उघडलं, आणि ते कशासाठी उघडतो आहोत हे जाणून उघडलं. माझ्या मनातल्या चित्रकथेचं पहिलं प्रकरण तिथं आहे.

दुसरं प्रकरण त्याच किल्ल्यावर. इंग्रजांनी किल्ला १८८६ पर्यंत स्वतःकडे ठेवला. शिंदे घराण्यात सांगतात ती हकिगत अशी, की गंगाजळीचा मोठा भाग किल्ल्यातल्या गुप्त तळघरांत तसाच होता आणि तळघराची खूण, म्हणजे बीजक, फक्त महाराजांना ठाऊक. अठ्ठावीस वर्षं वर गोऱ्या शिपायांची कवायत आणि पायांखाली दौलत! किल्ला परत मिळाल्यावर जयाजीरावांनी बनारसहून गवंडी आणले, डोळे बांधून त्यांना आत नेलं आणि तळघर उघडवलं, असं म्हणतात. त्याच वर्षी जून महिन्यात जयाजीराव वारले. त्यांचे चिरंजीव माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. बीजक मुलाला सांगायचं राहून गेलं. पुढे माधवराव मोठे झाल्यावर एका खांबाला हात लागून तळघर सापडल्याची गोष्टही सांगतात.

यातली तारीखवार घटना कुठली आणि घराण्यात चालत आलेली गोष्ट कुठली, हे वाचकाला दिसलं पाहिजे, असा माझा आग्रह आहे. अद्भुताची जागा कागद संपतात तिथं. किल्ला कधी परत आला, महाराज कधी गेले, फाशी कुणाला झाली, याला हात लावायचा नाही. तळघराच्या आत चित्रकारानं काय वाटेल ते काढावं. पाणी बोलू दे, भिंतीवरची चित्रं कूस बदलू देत.

ते कसं काढावं? यासाठी मला पिंगुळीकडे जावंसं वाटतं. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजानं चित्रकथी जपली आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रांची थप्पी म्हणजे पोथी. सूत्रधार एक चित्र समोर धरतो, साथीदार टाळ धरतात, गाणं चालतं आणि योग्य क्षणी पुढचं चित्र वर येतं. पुढच्या चित्रात काय आहे ते त्या क्षणापर्यंत फक्त सूत्रधाराला माहीत असतं. कॉमिकमध्ये हेच काम पान करतं. डोळे बांधलेल्या गवंड्याचा प्रसंग घ्या. उजव्या पानावर शेवटच्या चौकटीत फक्त त्याचे हात, थापी आणि ओला चुना. चौकटीत शब्द नको. तो दगडावरून बोटं फिरवतो, कारण त्याला दुसरं काही दिसत नाही. पान उलटलं की दोन पानं भरून काळोख आणि कोपऱ्यात एवढीशी मशाल. खजिना इतक्यात दाखवायचाच नाही. एक नाणं दाखवलंत तरी पुढची वीस पानं पडली समजा.

तिसरा राखणदार आपल्या अगदी जवळचा. इंदूरहून खंडव्यामार्गे बुऱ्हाणपूरला जाताना असीरगड लागतो. अकबरानं तो १६०१ मध्ये घेतला. पुढे तो शिंद्यांकडे होता. जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे याच गडाच्या परिसरात इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाले आणि पुढच्या वर्षी, एप्रिल १८१९ मध्ये, वेढ्यानंतर किल्लेदार यशवंतराव लाड यांना गड सोडावा लागला. त्याच गडावरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा पहाटे येऊन फूल वाहतो, अशी श्रद्धा आहे. नर्मदा परिक्रमा केलेल्यांकडून त्याच्या गोष्टी ऐका. कपाळावरच्या जखमेसाठी तो तेल मागतो. त्याच्या कपाळीचा मणी काढून घेतलेला आहे. ज्याची सर्वांत मोलाची वस्तू गेली, तोच गडावर हजारो वर्षं जागा आहे. पेशवाई संपल्यानंतरच्या त्या वेढ्यात, तोफांच्या आवाजात, हा माणूस किल्लेदाराला भेटला तर काय बोलेल? याहून चांगला प्रसंग मला कुठल्याही परदेशी चित्रकथेत दिसलेला नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. गुप्तधनाच्या नादानं आपल्या समाजात खरी माणसं मारली गेली आहेत, लहान मुलं सुद्धा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. तेव्हा पायाळू मुलाला जमिनीखालचं धन दिसतं, मांत्रिक बळी मागतो, असला मसाला चित्रकथेत गंमत म्हणून घालू नये. घालायचाच असेल तर तो मांत्रिक खलनायक आहे हे दहा वर्षांच्या वाचकालाही स्वच्छ कळलं पाहिजे. जिवावरचा धोका दाखवायला कडा आहे, पाणी आहे, तोफ आहे, फितुरी आहे.

भाषेचंही तसंच. किल्लेदाराच्या तोंडी मराठी असावी, पण वाटाड्या निमाडी बोलेल, गवंडी बनारसची हिंदी बोलेल. इंदूरच्या मराठी घरांत एका जेवणात तीन बोली ऐकू येतात, तेव्हा आपल्या वाचकाला त्याचं ओझं वाटणार नाही. चित्रकारांची तर या शहरात वाण नाही. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली इथं बेंद्रे आणि हुसेन घडले. आज चित्रकला शिकणारी जी मुलं-मुली समोर बसली आहेत, त्यांना माझी विनंती आहे, की पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा वही-पेन्सिल घेऊन असीरगड चढा. आधी दरवाजे काढा, मग पायऱ्या, मग मंदिर, आणि मंदिरात शिरणारा उजेड कुठून येतो ते नीट पाहून ठेवा.