ग्रुप टूर, आई आणि वाट फोची चाळीस मिनिटं

मी फुलचूरहून बोलतेय. गोंदियाच्या अगदी शेजारचं आमचं गाव. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: परदेशात जायचं तर ग्रुप टूरने जावं की आपलं आपण? रील्सवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं. ग्रुप टूर म्हणजे मेंढरांचा कळप. झेंडा धरलेला एक माणूस पुढे आणि टोप्या घातलेले काका-काकू मागे.

२०२४च्या डिसेंबरात मी आईला घेऊन थायलंडला गेले होते. अडतीस माणसं, एक टूर मॅनेजर, आणि हो, झेंडासुद्धा. त्यामुळे आज कळपाच्या आतून बोलते.

आधी एक गंमत. या धंद्याची सुरुवात सांगताना थॉमस कुक या इंग्रज माणसाचं नाव घेतात. ५ जुलै १८४१ला त्याने लेस्टर ते लाफबरो अशी रेल्वेची सहल काढली, माणशी एक शिलिंग. साधारण पाचशे लोक होते. आणि कशासाठी? दारूबंदीच्या सभेसाठी! आज त्याच धंद्यातल्या बसेस पटायाला कशासाठी जातात ते मी सांगत नाही, आई हा भाग ऐकणार आहे. अर्थात गटाने निघणं आपल्याला इंग्रजाने शिकवलं नाही. पंढरपूरची दिंडी बघा. कोण कुठे मुक्काम करणार, कोण स्वयंपाक करणार, सगळं ठरलेलं.

आता आमच्याकडची खरी अडचण. जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘मुंबई ते मुंबई’. पण फुलचूर ते मुंबई कोण धरणार? विदर्भ एक्सप्रेस दुपारी गोंदियाहून निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत. विमान रात्रीचं, म्हणजे दिवसभर लॉजची खोली. परत येताना तेच. दोघींचं तिकीट, लॉज, टॅक्सी, जेवण धरून आमची टूर जाहिरातीपेक्षा बरीच महाग पडली. हा खर्च गोंदिया-भंडारा-गडचिरोलीच्या माणसाने आधीच मांडावा. व्हिसाचा त्रास मात्र नव्हता, कारण १० नोव्हेंबर २०२३पासून थायलंडने भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिला होता. पासपोर्ट आम्ही नागपूरला जाऊन काढला. तिथे आईचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि आधारवरचं तिसरंच नाव जुळवता जुळवता दोन फेऱ्या झाल्या.

पैसे आईचे होते, हे सांगायला हवं. ती अंगणवाडी सेविका होती. रिटायर झाल्यावर जी एकरकमी रक्कम मिळाली, त्यातून तिने ही टूर घेतली. नातेवाईक म्हणाले, घराला स्लॅब टाका. आई म्हणाली, “स्लॅब कोठी पळून जात नाही.”

ग्रुपचा फायदा मला पहिल्याच सकाळी कळला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना खिचडी वाढलेली बाई खुर्चीवर बसली होती आणि कोणीतरी तिच्या ताटात पोहे वाढत होतं. बँकॉकमध्ये पोहे कशाला, असं मीही आधी म्हणायचे. पण साठीच्या बाईचं पोट पहिल्या दिवशी बिघडलं तर पुढचे चार दिवस हॉटेलच्या खोलीत जातात. पोहे बरे. शिवाय आईला नांदेडच्या एक आणि साताऱ्याच्या एक अशा दोन मैत्रिणी मिळाल्या. इंग्रजीचा एक शब्द न बोलता तिघी बँकॉकच्या बाजारात भाव करत होत्या, कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवून. माझी गरजच उरली नाही. थोडं वाईटही वाटलं, खरं सांगते.

आता दुसरी बाजू. कार्यक्रमपत्रिका नीट वाचा. आमच्या कागदावर वाट फो होतं ‘चाळीस मिनिटं’ आणि दागिन्यांचं दुकान ‘दीड तास’. दुकानाला एवढा वेळ का? स्वस्त टूरचा हिशेब बऱ्याचदा तिथे जुळवतात. दुकानदार कमिशन देतो, म्हणून पॅकेज कमी किमतीत विकता येतं. हे इतकं वाढलं की २०१६ साली थायलंड सरकारने चिनी पर्यटकांच्या फुकटातल्या टूर चालवणाऱ्यांवर मोठी कारवाई केली होती. आमची टूर त्यातली नव्हती, पण दीड तास तो दीड तासच.

तर वाट फो. निजलेल्या बुद्धाची मूर्ती तिथे आहे, ४६ मीटर लांब. तळपायांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हं. भिंतीलगत १०८ भांडी ओळीने ठेवलेली, लोक एकेक नाणं टाकत पुढे जातात, त्यामुळे सगळ्या दालनात टणटण आवाज चालू. आमची मंडळी फोटो काढून पंधरा मिनिटांत मोकळी झाली. आई दिसेना.

शोधत गेले तर ती मुख्य उपासनागृहात मांडी घालून बसलेली. भिक्खूंचं पठण चालू होतं. शेजारी एक थाई म्हातारी हात जोडून पुटपुटत होती आणि आईचेही ओठ हलत होते. चाल वेगळी, उच्चार वेगळे, त्यामुळे मला आधी काही ओळखू येईना. मग लक्षात आलं, अरे, हे त्रिसरण आहे! भाषा पाली. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणींकडून जे घेतलं आणि मग लाखो लोकांना दिलं, तेच. आमच्या घरी आजोबांपासून चालत आलेलं. आमच्या विहारात दर पौर्णिमेला म्हणतात तेच. गाइडला ते आईला समजावून सांगता आलं नसतं आणि आईला गाइडची गरज नव्हती. म्हातारीने आईकडे पाहिलं. दोघी हसल्या. म्हातारीने पिशवीतून एक केळं काढून आईच्या हातावर ठेवलं.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन, बस निघते. आई म्हणाली, “मले त्या दुकानात कायले नेता? मी इथंच बसते.”

मॅनेजर वैतागला, पण माणूस चांगला होता. त्याने मला व्हॉट्सॲपवर लिहून द्यायला सांगितलं की आम्ही आमच्या जबाबदारीवर थांबतोय. मी हॉटेलचं नाव-पत्ता थाई भाषेत फोनमध्ये सेव्ह केला, आणि बस गेली. आम्ही दोन तास बसलो. मग टॅक्सीने हॉटेलवर, रात्रीच्या जेवणाला ग्रुपमध्ये हजर. म्हणजे बघा, पैसे भरले म्हणून प्रत्येक थांब्यावर उतरलंच पाहिजे असं नसतं. फक्त विमान, शहर बदलण्याचा दिवस आणि पासपोर्ट, या तीन बाबतीत ग्रुप सोडू नका.

जाता जाता पैशाचं एक. परदेशी टूर घेताना कंपनी टीसीएस कापते. १ ऑक्टोबर २०२०पासून हा नियम आहे. आमच्या वेळी दर ५ टक्के होता, साठ हजारांच्या पॅकेजवर माणशी तीन हजार. हा दर बदलत असतो, तुमच्या वर्षीचा बघा. पण ही रक्कम बुडत नाही. ज्याच्या पॅनवर कापली त्याने इन्कम टॅक्स रिटर्न भरलं, तर ती करात वळती होते, आणि आईसारखा कर लागतच नसेल तर परत मिळते. आईचे पैसे तिच्याच खात्यात आले. बरेच लोक रिटर्नच भरत नाहीत.

सध्या विहारातल्या अकरा बायका श्रीलंकेला जायचं म्हणताहेत आणि कंपन्यांना फोन करायचं काम आईकडे आलंय. काल स्पीकरवर ऐकलं. समोरचा मुलगा हॉटेलच्या स्विमिंग पूलचं कौतुक सांगत होता. आईने त्याला मधेच थांबवलं. “ते राहू द्या भाऊ. अनुराधापूरले किती वेळ देता, तेवढं सांगा.”