दोन पियानो आणि श्रोत्यांचा धीर



संगीतावरील व्याख्यान म्हटले की गवयाविषयी, वादकाविषयी किंवा रचनाकाराविषयी बोलायचे, असा प्रघात आहे. ऐकणाऱ्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. वास्तविक मैफलीत गाणारा एक आणि ऐकणारे पाचशे. पण इतिहास लिहिला जातो तो त्या एकाचा. आज आम्ही त्या पाचशेंविषयी बोलणार आहोत. त्यासाठी निमित्त घेतले आहे ते अमेरिकेतील एका रचनेचे. ही रचना सुमारे वीस मिनिटांची आहे, दोन पियानोंवर वाजते, आणि तिने श्रोत्यांची जेवढी परीक्षा पाहिली तेवढी फार थोड्या रचनांनी पाहिली असेल.

रचनेचे नाव ‘पियानो फेज’, रचनाकार स्टीव्ह राइश, साल 1967. राइश यांचा जन्म न्यूयॉर्कचा, 1936 चा. 1965 मध्ये त्यांनी ध्वनिफितीचे काही प्रयोग केले. एकाच बोलण्याच्या दोन सारख्या फिती दोन यंत्रांवर एकदम सुरू करावयाच्या. दोन यंत्रांची गती कधीच तंतोतंत सारखी नसते. एक फीत केसभर पुढे सरकते, मग आणखी सरकते, आणि त्या सरकण्यातून नवेच नाद उमटू लागतात. हे यंत्राचे झाले. माणसाला हे साधेल काय, असा प्रश्न राइश यांना पडला. त्यांनी एक लहानसा स्वरसमूह फितीवर घेतला आणि त्या फितीबरोबर स्वतः पियानो वाजवून पाहिला. साधले. मग आर्थर मर्फी या मित्राला जोडीस घेऊन दोन पियानोंवर ते वाजविले. यंत्राकडून शिकलेली गोष्ट माणसांच्या बोटांत आली.

आता रचनेचे अंतरंग पाहू. पहिल्या खंडाचा सगळा ऐवज म्हणजे बारा स्वरांची एक ओळ. त्यातही निरनिराळे स्वर पाचच. आपल्या सोयीसाठी पाश्चात्यांच्या ‘बी’ला षड्ज मानू या. म्हणजे ती ओळ अशी होते: म प सा रे ग प म रे सा प ग रे. यातले म आणि प मंद्रातले, ग कोमल. ही ओळ द्रुत लयीत, सेकंदाला सुमारे सात स्वर या वेगाने, पुनःपुन्हा वाजते. ओळीतले एकाआड एक स्वर वेगळे काढून पाहा. एका हाताला येतात म सा ग, म सा ग. दुसऱ्या हाताला येतात प रे, प रे, प रे. म्हणजे एक हात तिनाने चालतो, दुसरा दोनाने. तबलजी मंडळी येथे असतील तर त्यांच्या ध्यानात लगेच येईल, की या साध्या दिसणाऱ्या ओळीच्या पोटातच आडलयीचे बीज आहे.

दोन्ही वादक हीच ओळ एकसुरात वाजवू लागतात. मग पहिला आपल्या लयीवर खांबासारखा स्थिर राहतो आणि दुसरा अगदी किंचित लय वाढवतो. दोघांचे स्वर विलग होऊ लागतात. काही क्षण सारे धूसर होते. प्रतिध्वनी ऐकावा तसे वाटते, आणि मध्येच लय दुप्पट झाल्याचा भास होतो. मग दुसरा वादक बरोबर एक स्वर पुढे जाऊन पुन्हा स्थिर होतो. आता ओळ तीच, पण ती स्वतःशीच एका स्वराच्या अंतराने भेटते आहे. काही आवर्तने अशी वाजली की पुन्हा सरकणे, पुन्हा स्थिरावणे. सहा पावले झाली की म-सा-ग वाल्या हाताचे स्वर पहिल्या वादकाशी पुन्हा जुळतात, पण प आणि रे यांची अदलाबदल झालेली असते. अशी बारा पावले झाली की दोघे पुन्हा एकत्र येतात. दुसऱ्या खंडात आठ स्वर, तिसऱ्यात चार, युक्ती तीच. प्रत्येक टप्प्यावर किती आवर्तने घ्यावयाची हे बरेचसे वादकांवर सोडलेले आहे.

आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनाला लेहरा धरतात. पेटीवाला तीच ओळ घटका घटका वाजवीत बसतो, आणि कोणी त्याला कंटाळवाणा म्हणत नाही, कारण आपले लक्ष तबल्याकडे असते. ‘पियानो फेज’मध्ये तबला नाहीच. नुसते दोन लेहरेवाले आहेत, आणि त्यांतला एक हळूहळू पुढे सटकतो आहे! आपल्याकडे असे कोणी केले तर त्याला बेताल म्हणून उठवतील. येथे तीच कला आहे.

आता ऐकणाऱ्यांकडे वळू. या रचनेला मिळणारे प्रतिसाद आम्हाला तीन प्रकारचे दिसतात.

पहिला प्रकार गुंगून जाणाऱ्यांचा. यांना काही वेळाने दोन्हीपैकी कोणीच वाजवीत नसलेल्या चाली ऐकू येतात. हा भ्रम नव्हे. दोन वादकांचे स्वर एकमेकांत मिसळले की कान त्यांतले खालचे खालच्यांशी आणि वरचे वरच्यांशी जोडून आपली चाल गुंफतो. शेजारी बसलेल्या दोघांना दोन निराळ्या चाली ऐकू येऊ शकतात, आणि दोघेही खरे असतात. राइश यांनी 1968 च्या एका निबंधात या गोष्टीला मोठे स्थान दिले आहे. रचनेत काय घडते आहे ते लपवून ठेवू नये, ते घडताना कानाला कळावे, असा त्यांचा आग्रह आहे. आणि इतके उघड करूनही काही गूढ शिल्लक राहते ते याच अनपेक्षित चालींमुळे.

दुसरा प्रकार कंटाळणाऱ्यांचा. आम्ही त्यांना मुळीच हलके लेखत नाही. ‘तुम्हाला कळत नाही म्हणून तुम्ही कंटाळता’ असे म्हणणे हा नव्या कलेच्या कैवाऱ्यांचा जुना उद्दामपणा आहे. युरोपीय संगीतावर वाढलेल्या कानाला घरातून निघून दूर जाणे, अडचणीत सापडणे आणि पुन्हा घरी येणे, अशा स्वरप्रवासाची शेकडो वर्षांची सवय आहे. ‘पियानो फेज’ त्या अर्थाने कोठेच जात नाही. प्रवासाला निघालेल्या माणसाला फलाटावरच वीस मिनिटे बसवून ठेवले तर तो कंटाळणारच. त्याचा कंटाळा प्रामाणिक आहे.

तिसरा प्रकार रागावणाऱ्यांचा, आणि खरा विचार येथे करावयाचा आहे.

18 जानेवारी 1973 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये राइश यांची ‘फोर ऑर्गन्स’ ही 1970 ची रचना वाजली. चार विजेचे ऑर्गन आणि खुळखुळ्यासारखी मराकास ही वाद्ये. एकच स्वरसंघात हळूहळू लांबत जातो, एवढेच कथानक. थोड्याच वेळात सभागृहात आरडाओरडा सुरू झाला. गलका इतका वाढला की वादकांना एकमेकांचे ऐकू येईना आणि मात्रा ओरडून मोजाव्या लागल्या. वादकांत असलेले मायकेल टिल्सन टॉमस यांनी पुढे ही हकिकत सांगितली आहे. तरी त्या दिवशी रचना शेवटापर्यंत गेली.

28 फेब्रुवारी 2016 रोजी जर्मनीतील कोलोन शहरी तेही झाले नाही. महान एस्फहानी हे इराणात जन्मलेले हार्प्सिकॉर्डवादक. हार्प्सिकॉर्ड हे पियानोच्या आधीचे, तारा छेडून वाजणारे वाद्य. त्या रविवारी त्यांनी ‘पियानो फेज’ या वाद्यावर सादर करावयास घेतले. एक बाजू ध्वनिमुद्रित, दुसरी ते स्वतः वाजविणार. आरंभी ते इंग्रजीत चार शब्द बोलू लागले तोच प्रेक्षकांतून आवाज आला, की जर्मनमध्ये बोला. वाजविणे सुरू झाल्यावर काही मिनिटांतच हशा, शिट्या, टाळ्या, उठून जाणे, आणि उठून जाणाऱ्यांवर इतरांचे ओरडणे. शेवटी त्यांना वादन अर्ध्यावर थांबवावे लागले. ध्यानात घ्या, रचना तेव्हा एकोणपन्नास वर्षांची झाली होती. तिचे कर्ते 2009 साली अमेरिकेतील प्रतिष्ठेच्या पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी ठरले होते. नवलाई केव्हाच ओसरली होती, आणि तरी राग ताजा होता.

हा राग येतो कोठून? नुसत्या कंटाळ्याने माणूस फार तर जांभई देतो. आमच्या मते, या रचनेपुढे बसले असता श्रोत्याला धरावयास काही मिळत नाही. दर काही क्षणांनी काहीतरी घडेल आणि त्यावर मान डोलवू, हा श्रोत्याचा अधिकार काढून घेतल्यासारखा होतो. उरतो तो आपण आणि आपला वेळ. रिकाम्या वेळेसमोर एकटे बसणे पुष्कळांना सोसत नाही. मग ते रागावतात, आणि राग एकदा आला की त्याला सोयीचे निमित्त लागते. कोलोनला ते निमित्त भाषेचे मिळाले. ‘जर्मनमध्ये बोला’ हा उद्गार तर पहिला स्वर वाजण्यापूर्वीचा होता. म्हणजे काही मंडळी संगीतावर रागावण्याआधीच रागावलेली होती. सभागृहात येताना माणूस नुसते कान घेऊन येत नाही; बाहेरचे सारे जग बरोबर घेऊन येतो.

येथे कोणी म्हणेल, की हा पाश्चात्यांचा प्रश्न आहे. आम्ही जपजाप्य करणारे, गजर करणारे, आम्हाला आवर्तनाचे काय भय? या समाधानात तथ्य थोडे आणि आत्मस्तुती अधिक आहे. अमेरिकेतील या संगीतप्रवाहाचा आपल्याशी संबंध आहे हे खरे. टेरी रायली आणि ला मॉन्टे यंग हे याच प्रवाहातले दोन अग्रणी 1970 पासून पंडित प्राणनाथ यांच्यापाशी शिकले. आणि प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. ज्या घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेला आपलेसे केले, तेच हे घराणे. फिलिप ग्लास यांनीही पॅरिसमध्ये पंडित रविशंकर यांच्याबरोबर काम केले होते. पण ‘पियानो फेज’ची वाट यंत्राच्या फितीवरून आलेली आहे, पुढे 1970 मध्ये राइश ढोलवादन शिकावयास गेले तेही आफ्रिकेतील घानाला, आपल्याकडे नव्हे. तेव्हा या रचनेवर आपला हक्क सांगण्यात अर्थ नाही.

शिवाय आपल्या मैफलीत तीच बंदिश शंभरदा आली तरी गवई ती दर वेळी निराळी आणतो, आणि समेवर आपण दाद देतो. समेची दाद काढून घ्या, आणि पाहा आपल्यातले किती जण वीस मिनिटे बसतात!

तथापि गजराचे उदाहरण एका निराळ्या दृष्टीने उपयोगी आहे. कीर्तनात टाळ वाजविणाऱ्याला गजराचा कंटाळा येत नाही. दाराशी उभे राहून पाहणाऱ्याला येतो. जात्यावर बसलेली बाई तीच चाल पहाटभर म्हणते, तिला ती पुरते. माडीवर झोपलेल्याला ती नकोशी होते. आवर्तन शिणवते ते पाहणाऱ्याला, करणाऱ्याला नव्हे. ‘पियानो फेज’ची अडचण हीच आहे, की ती खुर्चीत बसलेल्या माणसाला कानांनी काम करावयास सांगते. एका पियानोवर कान ठेवा, मग दुसऱ्यावर. वरचे स्वर धरा, मग खालचे. कोणत्या क्षणी धूसरपणा विरून नवी घडी बसली ते टिपा. एवढे केले की वीस मिनिटे कोठे गेली ते कळत नाही. न केले तर एक मिनिटही डोंगराएवढे होते.

ज्यांना कानाने हे जमत नाही त्यांना कधी कधी डोळा मदत करतो. बेल्जियमच्या आना तेरेसा द केर्समाकर यांनी 1982 मध्ये ‘फाझ’ हा नृत्यप्रयोग केला, त्यात या रचनेवर दोन नर्तकी एकाच हालचालीने गिरक्या घेतात. मागच्या पडद्यावर त्यांच्या सावल्या पडतात, आणि मधली सावली दोघींची मिळून झालेली असते. एक नर्तकी किंचित पुढे गेली की ती मधली सावली फुटते आणि पुन्हा जुळते. कानाला जे सांगावे लागते ते डोळ्याला आपोआप दिसते.

मग श्रोत्याचे कर्तव्य काय? त्याने आवडून घेतलेच पाहिजे, असे आम्ही म्हणणार नाही. न आवडण्याचा, उठून जाण्याचा, बाहेर जाऊन वाटेल ती टीका करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. संपल्यावर टाळी न वाजविणे हेसुद्धा एक मत आहे आणि ते सभ्य मत आहे. परंतु एक अधिकार त्याला नाही. शेजाऱ्याचे ऐकणे बंद पाडण्याचा अधिकार तिकिटाबरोबर मिळत नाही. कोलोनला ज्यांनी गलका केला त्यांनी रचनेचे काही बिघडविले नाही. ती पुढेही वाजतेच आहे. बिघडले ते त्या सभागृहातल्या त्या माणसाचे, जो कदाचित प्रथमच ती ऐकत होता आणि ज्याच्या कानात ती न वाजलेली चाल नुकती कोठे उमटू लागली होती. ती चाल त्याच्याखेरीज कोणालाच ऐकू येत नव्हती, म्हणून ती गेल्याचे कोणाला कळलेही नाही.

सभा मग ती संगीताची असो वा विचाराची, तिचा नियम हाच आहे. आपल्याला न पटणारे, न कळणारे, प्रसंगी कंटाळा आणणारे शेवटापर्यंत बोलू देणे ही आपण वक्त्यावर केलेली कृपा नव्हे. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अनोळखी माणसाचे ते आपल्याकडे असलेले देणे आहे. असे देणे फेडणारे श्रोते ज्या गावात असतात त्या गावात नवे काही ऐकावयास मिळते. इतरत्र जुनेच, आणि तेही मोठ्या आवाजात.