धूमकेतूवरील हिमवर्षाव



आकाशांत धूमकेतु दिसला कीं राजाचा मृत्यु किंवा दुष्काळ ओढवणार, अशी भीति एके काळीं घरोघर असे. पुढें १९५० सालीं अमेरिकन ज्योतिर्विद फ्रेड व्हिपल यांनीं प्रतिपादन केलें कीं, धूमकेतूचा गाभा म्हणजे बर्फ व धूळ यांचा एक मळकट गोळा होय. सूर्याच्या उष्णतेनें त्या बर्फाची वाफ होते, वाफेबरोबर धूळ उडते, आणि त्यांतूनच शेपूट बनतें.

हें मत मान्य झालें. पण हार्टले-२ या धूमकेतूनें एक नवेंच कोडें घातलें. माल्कम हार्टले यांनीं १९८६ सालीं शोधलेल्या या धूमकेतूची लांबी अवघी सव्वादोन किलोमीटर. आणि त्यांतून निघणारी पाण्याची वाफ मात्र इतकी, कीं एवढ्याशा पृष्ठभागावरून ती यावी कशी, हें समजेना.

४ नोव्हेंबर २०१० रोजीं ‘डीप इम्पॅक्ट’ हें अमेरिकेचें अवकाशयान त्याच्यापासून सुमारें ७०० किलोमीटरांवरून गेलें आणि उलगडा झाला. गाभ्याचीं दोन्ही टोकें फुगीर व खडबडीत होतीं, मध्यभाग चिंचोळा व गुळगुळीत होता. मध्यभागांतून पाण्याची वाफ निघत होती. टोकांतून मात्र कर्बद्विप्राणिद वायु, म्हणजे सोडावॉटरच्या बाटलींतून फसफसतो तोच, कारंज्यासारखा उसळत होता. या वायूचा बर्फ पाण्याच्या बर्फापेक्षां पुष्कळच कमी उष्णतेंत उडून जातो, आणि उडतांना पाण्याच्या बर्फाचे कण व भुसभुशीत गोळे बरोबर ओढून नेतो. गाभ्याभोंवतीं जणूं हिमवर्षावच चालला होता. फरक एवढाच कीं, हें हिम खालून वर जात होतें. त्या तरंगत्या कणांवर ऊन पडून त्यांची वाफ होते. जी वाफ पृष्ठभागाच्या हिशेबांत बसत नव्हती, तिचा पुष्कळसा भाग या हिमांतून येत होता, असा शास्त्रज्ञांनीं निष्कर्ष काढला.

हें पाणी आपणांस अगदींच परकें नाहीं. २०१० सालीं हर्शेल या अवकाशांतील दुर्बिणीनें पाहिलें, तेव्हां हार्टले-२ च्या पाण्यांत जड हायड्रोजनचें प्रमाण आपल्या समुद्राइतकेंच आढळलें. उलट, रोझेटा यानानें २०१४ सालीं तपासलेल्या दुसऱ्या एका धूमकेतूंत तें तिपटीहून अधिक निघालें. म्हणून समुद्र धूमकेतूंनींच भरले, असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. परंतु हा बर्फाचा सांठा साडेचार अब्ज वर्षांपूर्वींचा, सूर्यमालेच्या जन्मकाळचा आहे. आणि सूर्याजवळच्या दर फेरींत तो थोडाथोडा उडून जात आहे. तो आहे तोंवर त्याची कसून पाहणी करणें, हेंच त्या जुन्या भीतीला खरें उत्तर होय.