सुख आणि सरकारी दवाखाना



समितीने आम्हाला ‘सुख’ या विषयावर बोलायला सांगितलं. २०१२ पासून जगातल्या सुखाचा एक अहवाल निघतो. शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुम्ही कुठं उभे, असं लोकांनाच विचारतात. २०१८ ते २०२५, दरवर्षी फिनलंड पहिला! तिथं बर्फ, हिवाळ्यात अंधार. अभ्यासक सांगतात, पैसा आणि तब्येत तर हवीच. पण सरकारी यंत्रणा प्रामाणिक आणि कामाची असेल, तर तिथला माणूस अधिक समाधानी असतो.

आता आपल्या बीडचं बघू. दसरा-दिवाळी झाली की कित्येक घरांना कुलूप लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर असते, खाडा झाला तर पैसे कापतात. अंगावरून जात असलं तरी बाई फडात मोळ्या वाहते. कोपीजवळ ना पाणी, ना संडास. दुखणं वाढतं. गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात बायकांची डॉक्टर नसली, की बाई खासगीत जाते. तिथं सांगतात, पिशवी काढून टाका. त्या ऑपरेशनसाठी पुन्हा उचल, आणि ती फेडायला पुन्हा ऊस!

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आकडे आले. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. म्हणजे सहांमागं एक. या आयाबहिणींना शिडीची कितवी पायरी विचारायची?

त्याच सुमारास जिल्ह्यात नियम आला, की खासगीत पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी पाहिजे. नियम चांगला आहे. पण सही करणारा बाईचे कागद वाचतो, की नुसताच शिक्का मारतो? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हाच धोका सांगितला होता. संविधान कितीही चांगलं असो, राबवणारे वाईट निघाले तर तेही वाईट ठरतं. आपण दरवर्षी ते भाषण वाचतो, आणि दवाखान्यात मात्र गुमान रांगेतून परत येतो.

म्हणून आम्ही समितीला एक विनंती केली आहे. टोळ्या निघण्याआधी एका सोमवारी (रविवारी ओपीडी बंद असते) वस्तीतल्या बाया एकत्र जिल्हा रुग्णालयात न्यायच्या. शिकलेल्या पोरींनी केसपेपर काढून द्यावा, तपासणीचा कागद मागून घ्यावा. डॉक्टर जागेवर नसतील, तर अर्ज तिथंच लिहायचा आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. ज्यांना यायचं आहे त्यांनी खिरदान झाल्यावर महिला मंडळाकडे नाव द्यावं.

जयभीम!