चरित्र लिहायचे तर हिशेबाची वही आधी

(गोंदिया जिल्हा बैठकीतील भाषण)



गोंदिया धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. पण तुमच्यातले पुष्कळ जण पऱ्हाटी आणि ज्वारी मागे टाकून इथवर आले आहेत. भावाचे बोलणे दुपारी होईलच. आत्ता आम्ही एका पत्रकाराविषयी बोलणार आहोत.

गोविंद तळवलकर. जन्म १९२५, डोंबिवली. आधी 'लोकसत्ता', मग 'महाराष्ट्र टाइम्स'; तिथे १९६८ ते १९९६ संपादक. २०१७ साली अमेरिकेत ह्यूस्टनला वारले. माणूस शहरी वाचकांचा, कोरडवाहू शेती त्यांच्या अग्रलेखात फार डोकावली असे आम्ही म्हणणार नाही. पण राजकारण्यांचा रोजचा खेळ जवळून पाहिलेल्या या माणसाने न्यायमूर्ती रानड्यांवर लिहिले, नामदार गोखल्यांचे चरित्र मराठीत आणि इंग्रजीतही लिहिले. आरती ओवाळायला नाही. कागद वाचून लिहिले.

गोखले म्हणजे मवाळ, इंग्रजांपुढे नमते घेणारे, एवढेच आम्हाला शाळेत कळले होते. कृषी महाविद्यालयात तर नावही निघाले नाही. प्रत्यक्षात हा गणिताचा प्राध्यापक. १९०२ साली कलकत्त्याच्या कौन्सिलात सरकार सात कोटींची शिल्लक मिरवत होते, तेव्हा यांनी अभिनंदन करायला नकार दिला. छप्पनच्या दुष्काळात माणसे-गुरे मेली त्याला दोन वर्षे झाली होती. लोक खंगलेले आणि तिजोरी भरलेली, तर कर जास्त घेतला, एवढा सरळ हिशेब. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ साली तो दोनवर आला, १९०७ पर्यंत एक रुपयावर. देशी गिरणीच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के कर होता, लँकेशायरची सोय म्हणून. त्यालाही त्यांनी विरोध केला. आपला कापूस घेणाऱ्या गिरण्यांवरचा कर तो! घोषणा नव्हत्या, आकडे होते.

आता आमचे सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका सहकारी पुढाऱ्याच्या एकसष्टीला आम्हीच जीवनपट लिहून दिला. जन्म, शिक्षण, सत्कार, सगळे त्यात आले. त्यांच्या जिनिंगमध्ये दोन हंगामांचे चुकारे बुडाले होते, ते आम्हाला ठाऊक होते. लिहिले नाही. हार आम्हालाही मिळाला. त्याच सभेत मागच्या रांगेत एक म्हातारी पावती घेऊन बसली होती. तिने काही विचारले नाही, आम्हीही नाही.

ती पुस्तिका अजून ग्रामपंचायतींच्या कपाटांत आहे. पावत्या मात्र उंदरांनी खाल्ल्या असतील. ज्यांच्याकडे जुन्या काटापट्ट्या, चुकाऱ्याच्या चिठ्ठ्या, सभेची इतिवृत्ते उरली असतील त्यांनी पुढच्या बैठकीला आणाव्यात. नकला काढून मूळ कागद परत देऊ. तो जीवनपट आम्हाला पुन्हा लिहायचा आहे.